‘किरणोत्सारी क्षय’मध्ये क्षय कशाचा?

विचारणा अशी आहे : ‘मुलीने वहीत लिहिलं, “कोबाल्ट-60चा क्षय होऊन निकेल शिल्लक राहतं.” क्षय म्हणजे झिजणंच ना? मग अणू झिजून संपतो का? आणि ऱ्हास, विघटन, विखंडन हे सगळे एकच का?’

वाक्य छोटं असलं तरी त्यात दोन शब्द अडकलेत, ‘क्षय’ आणि ‘शिल्लक’. आधी क्षय घेऊ.

या शब्दाला मराठीत रोगाचा वास चिकटला आहे. देह झिजवतो म्हणून क्षयरोग, त्यामुळे क्षय म्हटलं की खंगत जाणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. अणूच्या केंद्रकाला हे चित्र अजिबात लागू पडत नाही. चप्पल झिजते ती रोज थोडी थोडी. कालच्यापेक्षा आज पातळ. कोबाल्ट-60चं केंद्रक दहा वर्षं तसंच राहिलं, तर दहाव्या वर्षीही ते पहिल्या दिवसाइतकंच धडधाकट असतं. त्याला म्हातारपण नाही. आणि मग एका क्षणी ते कोबाल्ट राहत नाही.

त्या क्षणी काय होतं ते पाहा. केंद्रकात 27 प्रोटॉन आणि 33 न्यूट्रॉन. एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो. एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रतिन्यूट्रिनो (विद्युतभार नसलेला, अतिशय हलका कण) बाहेर फेकले जातात. या प्रकाराला ‘बीटा’ म्हणतात. हिशेब 28 आणि 32. बेरीज साठची साठच, पण मूलद्रव्याचं नाव प्रोटॉनच्या संख्येवरून ठरतं, म्हणून कालचा कोबाल्ट आज निकेल. वजन म्हणाल, तर एक किलो कोबाल्ट-60 पूर्णपणे निकेल झालं तरी सुमारे 50 मिलिग्रॅमचा फरक पडेल. याला झिजणं म्हणायला जीभ धजत नाही.

यात आणखी एक गंमत आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र 2002 साली सुरू झालं. साठवणीत कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्याला तिथे कोबाल्ट-60चे गॅमा किरण देतात. आपण सर्रास ‘कोबाल्टचे किरण’ म्हणतो. खरं तर ते निघतात निकेलच्या केंद्रकातून! कोबाल्टचं निकेल झालं की नवं केंद्रक उत्तेजित अवस्थेत असतं. जास्तीची ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने टाकून ते शांत होतं. गॅमा किरण गेल्याने प्रोटॉन-न्यूट्रॉनचा हिशेब बदलत नाही.

मग क्षय हा शब्दच चुकला का? मला तसं वाटत नाही. पंचांगातली क्षयतिथी आठवा. ती तिथी रोगाने खंगलेली नसते; तिच्या वाट्याला सूर्योदय येत नाही, म्हणून ती दिवसांच्या मोजणीतून गळते. किरणोत्सारी क्षय हाही असाच मोजणीतला क्षय आहे. कोबाल्ट-60 या नावाखाली मोजायच्या अणूंची संख्या घटत जाते : 5.27 वर्षांत निम्मी, साडेदहा वर्षांत पाव. (निम्मं होण्याच्या या काळाला ‘अर्धायुष्य’ म्हणतात; मुलं त्याची दुप्पट करून पूर्ण आयुष्य काढतात, ते यामुळेच फसतं.) तेव्हा साठ्याबद्दल बोलताना ‘क्षय’ चपखल, एकट्या केंद्रकाबद्दल बोलताना ‘रूपांतर’ बरं.

हा पेच नवा नाही. 1901च्या सुमारास माँट्रियलमध्ये रदरफोर्ड आणि सॉडी या शास्त्रज्ञांना थोरियममधून वेगळंच मूलद्रव्य निघताना दिसलं. सॉडींच्या तोंडून किमयागारांचा ‘धातुपालट’ या अर्थाचा शब्द गेला, तेव्हा तो वापरू नकोस, लोक आपल्याला किमयागार समजतील, असं रदरफोर्डनी बजावलं. ही आठवण सॉडींनीच सांगितलेली. पुढे 1906 साली रदरफोर्डनी या विषयावर पुस्तक काढलं, त्याच्या नावात ‘रूपांतरं’ याच अर्थाचा शब्द होता. आपण ‘किमया’ हा शब्द कौतुकाने वापरतो, त्यामुळे त्यांची धास्ती आपल्याला जरा अनोळखी वाटते.

‘ऱ्हास’ मी टाळतो. नीतिमूल्यांचा, जंगलांचा ऱ्हास होतो. त्यात वाईटपणाचा सूर आहे. ‘विघटन’ अल्फा प्रकाराला शोभतं. युरेनियम-238मधून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा गठ्ठा सुटतो; 92 प्रोटॉनचे 90 होतात आणि थोरियम-234 उरतं. थोरियम पुढे बीटा प्रकाराने 91वर जातं, तिथून पुन्हा 92वर. म्हणजे परत युरेनियमच, पण 234चं! अशा आठ अल्फा आणि सहा बीटा पायऱ्या उतरून-चढून गाडी शिसे-206वर थांबते. ‘विखंडन’ मात्र पर्याय म्हणून मुळीच चालणार नाही. केंद्रकाचे दोन मोठे तुकडे होणं म्हणजे विखंडन. तारापूरच्या अणुभट्टीत युरेनियम-235चं होतं ते. बातम्यांत विघटन आणि विखंडन यांची सरमिसळ दिसली की मी पेन्सिल शोधतो.

‘किरणोत्सर्ग’ की ‘किरणोत्सार’, हेही कुणीतरी विचारेलच. पहिल्यात सोडून देण्याचा ‘सृज्’ धातू, दुसऱ्यात सरकण्याचा ‘सृ’. दोन्ही रुळलेत; पाठ्यपुस्तकात जो असेल तो परीक्षेत लिहावा.

आता मुलीचं वाक्य. ‘क्षय’ राहू द्या, ‘शिल्लक राहतं’ खोडा. शिल्लक राहतं ते आधीपासून असलेलं. डब्यातले लाडू संपून दोन उरले, तर ते दोन शिल्लक. निकेल त्या कोबाल्टमध्ये आधी लपून बसलेलं नव्हतं. ‘कोबाल्ट-60चा क्षय होऊन निकेल-60 तयार होतं’ असं लिहायला सांगा.