पस्तीस माणसांच्या संस्थेचा डेटा सायबर हल्ल्यापासून वाचवायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की संस्थेत ३५ माणसं आहेत, सगळ्या फायली एका सर्व्हरवर आहेत, ईमेल क्लाउडवर आहे आणि एक विक्रेता महागडी सुरक्षा यंत्रणा घ्या म्हणून मागे लागलाय. ती घ्यावी का, की पैसे आधी दुसरीकडे घालावेत, असा तुमचा प्रश्न.

खरेदी तीन महिने पुढे ढकला. त्याआधी, जमलं तर याच आठवड्यात, एक काम करा. तुमचा सर्व्हर जो कोणी सांभाळतो त्याला कालच्या बॅकअपमधलं हिशेबाचं फोल्डर एका कोऱ्या संगणकावर परत आणून दाखवायला सांगा. घड्याळ लावून शेजारी बसा. फोल्डर आलं का, फायली उघडतात का, किती वेळ लागला, एवढं कागदावर लिहा. मी बरीच वर्षं संस्थांचे सर्व्हर सांभाळतोय. बॅकअप रोज होतो असं सांगणारे पुष्कळ भेटतात, तो परत आणून पाहिलेला माणूस क्वचित भेटतो.

माझा हा आग्रह एका सोमवारमुळे आहे. मी ज्या कार्यालयात होतो तिथे सकाळी सगळ्यांत आधी आलेल्या बाईंचा फोन आला, एकही फाईल उघडत नाही. जाऊन पाहिलं तर प्रत्येक फाईलच्या नावामागे अनोळखी अक्षरं चिकटलेली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी. बॅकअप रोज रात्री होत होता, पण तो ज्या हार्ड डिस्कवर होत होता ती चोवीस तास त्याच सर्व्हरला जोडलेली असायची. रॅन्समवेअरला, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरला, ती आणखी एक ड्राइव्ह दिसली, त्याने तीही कुलूपबंद केली. शेवटी हाती लागली ती सहा महिन्यांपूर्वीची एक प्रत, हिशेब तपासनिसांसाठी काढून कपाटात ठेवलेली. मधल्या काळातल्या नोंदी लोकांनी कागदी पावत्यांवरून पुन्हा टाईप केल्या, कित्येक आठवडे, रात्री नऊ-नऊपर्यंत बसून. ती केबल रोज सकाळी काढायला दहा सेकंद लागले असते. हे सांगणं माझं काम होतं आणि मी सांगितलं नव्हतं.

मोठ्या कंपन्यांचंही असंच होतं. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला आणि मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली. कोणाला कुठे प्रवेश आहे हे ठरवणारे तिचे सर्व्हर जगभर विखुरलेले होते आणि एकमेकांची प्रत ठेवत होते. एक बिघडला तर दुसरा आहेच, हा हिशेब. सगळे एकाच वेळी पुसले जातील हे कोणी धरलंच नव्हतं. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली असल्याने तो नेटवर्कपासून तुटला होता. त्या एका प्रतीच्या आधारावर कंपनी उभी राहिली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवावे लागले, नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

प्रोग्रॅमरांचा कोड ऑनलाइन सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीकडे तर हल्लाही झाला नव्हता. ३१ जानेवारी २०१७ रोजी एका इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, त्यातली एकही भरवशाने चालत नव्हती. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे कधीचाच फसत होता आणि तो फसल्याचे ईमेलही पोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने एक प्रत काढली होती, तीवर निभावलं. हे सगळं त्यांनी स्वतः उघडपणे लिहून ठेवलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

म्हणून या धंद्यातला तीन-दोन-एकचा जुना नियम पाळा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. त्यात माझी एक भर. किमान एक प्रत अशी हवी की तुमच्या सर्व्हरचा ॲडमिन, म्हणजे तो सांभाळणारा माणूससुद्धा ती पुसू शकणार नाही, कारण हल्लेखोर ॲडमिनचाच पासवर्ड मिळवतो आणि सगळ्यात आधी बॅकअप शोधतो. केबल काढून ठेवलेली डिस्क चालेल, ठरावीक दिवस पुसता न येणारी क्लाउडवरची प्रतही चालेल. आपोआप सिंक होणारं फोल्डर मात्र बॅकअप धरू नका. तुमची फाईल बिघडली की तीच बिघडलेली फाईल ते इमानाने वर पाठवतं. जुन्या आवृत्त्या ठेवल्या जात असतील तर थोडा आधार मिळतो, एवढंच.

खंडणी भरून सुटका होईल, असं कोणी सुचवलं तर कलोनियल पाइपलाइनचं उदाहरण सांगा. मे २०२१मध्ये या अमेरिकी इंधनवाहिनी कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर, भरले. बदल्यात मिळालेलं कुलूप उघडणारं सॉफ्टवेअर इतकं संथ होतं की त्यांना स्वतःच्या बॅकअपवरूनच काम करत राहावं लागलं. आणि चोर शिरला होता तो एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या खात्यातून. त्या खात्याला पासवर्डशिवाय दुसरी कुठलीच पडताळणी नव्हती.

तेव्हा दुसरं काम: नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद करा आणि उरलेल्यांना दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डसोबत ओळखीची आणखी एक खूण, लावा. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळीकडचे पासवर्ड बदलायच्या लिंक ईमेलवरच येतात. एसएमएसवरचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण खोट्या पानावर माणूस पासवर्ड देतो तसाच ओटीपीही देतो. पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा यूएसबीची सुरक्षा किल्ली खऱ्या साइटचा पत्ता जुळल्याशिवाय उत्तरच देत नाही, म्हणून निदान हिशेब विभाग आणि ॲडमिन यांना ती द्याच. दर महिन्याला सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावण्याची प्रथा असेल तर ती सोडून द्या. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही २०१७ साली ती सक्ती नको असं म्हटलं. लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात.

अपडेटबद्दल थोडक्यात. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर १२ मे २०१७ रोजी पसरलं, त्याला अडवणारा पॅच, म्हणजे दोष दुरुस्त करणारा अपडेट, मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. मधले ५९ दिवस ज्यांनी वापरले नाहीत, त्यांच्यावर ते आदळलं. तुमच्याकडे कुठल्या यंत्रावर काय चालतं याची यादी नसेल तर पॅच लावणार कुठे? ती यादी आधी करा, साधी चालेल.

पैशांच्या चोरीला तर व्हायरसही लागत नाही. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातल्या एका माणसाने गूगल आणि फेसबुक यांच्या खऱ्या पुरवठादाराच्या नावाने खोटी बिलं पाठवून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम आपल्या खात्यांत वळवली. यावर बिनखर्चाचा उपाय आहे. पुरवठादाराचा बँक खाते बदलल्याचा ईमेल आला, की आपल्याकडे आधीपासून नोंदवलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर कधीही नाही, आणि साहेबांनी कितीही घाई केली तरी फोन चुकवायचा नाही.

आता त्या सोमवारचा राहिलेला भाग. ज्या फाईलमधून तो हल्ला शिरला, ती एका कर्मचाऱ्याने शुक्रवारी संध्याकाळीच उघडली होती. स्क्रीन क्षणभर लुकलुकली, त्याला शंका आली, पण तो गप्प राहिला. महिन्याभरापूर्वी अशाच चुकीसाठी त्याच्या सहकाऱ्याला सगळ्यांसमोर ओरडा बसला होता. हल्लेखोराला शनिवार आणि रविवार मोकळे मिळाले. त्याने त्याच वेळी सांगितलं असतं तर एक संगणक नेटवर्कमधून काढला की प्रकरण बहुतेक तिथेच थांबलं असतं. कृपा करून तुमच्याकडे हे होऊ देऊ नका. ज्याने चुकीच्या लिंकवर क्लिक करून पाच मिनिटांत सांगितलं, त्याचे सगळ्यांसमोर आभार माना. कुणाला फोन करायचा ते नाव आणि नंबर कागदावर छापून प्रत्येक टेबलावर चिकटवा, सर्व्हर बंद पडला तर त्यातली यादी उघडणार नाही.

विक्रेत्याच्या यंत्रणेबद्दल एकच विचारा: शनिवारी रात्री दोन वाजता तिने इशारा दिला तर तो वाचणार कोण? २०१३मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली, तेव्हा त्यांच्या यंत्रणेने इशारे दिले होते, त्यावर वेळेत कोणी हललं नाही. विक्रेता चोवीस तास लक्ष ठेवणारी माणसंही देत असेल तर तीन महिन्यांनी जरूर विचार करा.

तोवर ते फोल्डर परत आणून बघा आणि किती वेळ लागला तो आकडा इथे लिहा. अर्धा तास लागला असेल तर पुढचं काम वेगळं, दोन दिवस लागले असतील तर वेगळं. त्यावरून पुढचं सांगतो.