परदेशात गाडीवरच्या वडापावची चव घरी का येत नाही, आणि ती कशी आणायची?

परदेशात घरी केलेले वडे चांगले होतात, पण खाताना मुंबईच्या गाडीवरची चव येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते चूक वड्यात नाही, पावात आणि सुक्या चटणीत आहे.

बर्गरचा बन बरेचदा गोडसर असतो, आणि ब्रिओश या फ्रेंच पावात तर लोणी आणि अंडंही असतं. त्या गोडव्याखाली लसूण-मिरची दबून जाते. लादीपाव गोड न लागता साधाच लागायला हवा, म्हणून तो घरीच करा. 500 ग्रॅम मैदा, 330 मिली कोमट पाणी, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 9 ग्रॅम मीठ, 10 ग्रॅम साखर, 25 ग्रॅम तेल. 10-12 मिनिटं चांगलं मळा, दुप्पट फुगू द्या, मग 12 गोळे करा. ट्रेमध्ये ते बोटभर अंतरावरच ठेवायचे, कारण फुगून एकमेकांना चिकटले तरच कडा मऊ राहतात. पुन्हा फुगले की ओव्हनमध्ये 200 अंश सेल्सिअसवर 18-20 मिनिटं भाजा. बाहेर काढल्या काढल्या फडक्याने झाका. हे राहिलं तर वरचा पापुद्रा कडक होतो आणि वडा दाबताना पाव फाटतो.

आता चटणी. 50 ग्रॅम सुकं खोबरं मंद आचेवर फिकट बदामी होईपर्यंतच भाजा. पाकिटातला खोबऱ्याचा कीस घेणार असाल तर त्यात साखर नाही ना, हे आधी वाचा. लसणाच्या 15 पाकळ्या थोड्या तेलात ओलसरपणा जाईपर्यंत परता, नाहीतर चटणीचा गोळा होतो. 2 मोठे चमचे काश्मिरी तिखट आणि मीठ घाला. मिक्सर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवला तर खोबऱ्याला तेल सुटतं. शेवटी चुरा: वड्याच्या आवरणाचं भिजवलेलं बेसन (प्रमाण पुढे आहे) बोटांनी तेलात शिंपडून कुरकुरीत तळा आणि वाटीभर हातानेच चुरडून मिसळा. गाडीची चव खरी इथे आहे.

वड्याबद्दल थोडंच. बटाटा पिठूळ जातीचा घ्या, चिकट जातीचा मोकळा होत नाही. सालासकट उकडा, सोलून पसरून वाफ जाऊ द्या, हाताने कुस्करा. मिक्सरमध्ये त्याची खळ होते. हालापेन्यो मिरचीला ढोबळीसारखी चव येते; बारीक थाई मिरची घ्या, पण नेहमीच्या निम्मी, ती फार तिखट असते. इटालियन दुकानातलं चण्याचं पीठ काबुली चण्याचं असतं, आपलं बेसन हरभऱ्याच्या डाळीचं, तेव्हा भारतीय दुकानातलंच आणा. 200 ग्रॅम बेसनाला साधारण 230 मिली पाणी, चमचाभर कडकडीत मोहन आणि सोडा अगदी चिमूटभर. सोडा जास्त झाला की वडा तेल पितो.

विजेच्या शेगडीवर तेल थंड पडलं की लवकर तापत नाही. जाड, अरुंद भांडं घ्या, तेल 175-180 अंशांवर ठेवा, एका वेळी तीनच वडे सोडा आणि पुढच्या घाण्याआधी दोन मिनिटं थांबा. घाई केली की आवरण तेलकट होऊन सुटतं.

पाव कापताना एक कड जोडलेली ठेवा, आतून दोन्ही बाजूंना चटणी भरा, वडा गरम असतानाच तळहाताने दाबा. सोबतच्या हिरव्या मिरचीला तळण्याआधी चीर द्या, नाहीतर ती तेलात फुटून अंगावर उडते. तळून झाली की लगेच मीठ भुरभुरा, निवल्यावर ते चिकटत नाही.