पानिपतचं काला आंब बघण्यासारखं आहे का? रिव्ह्यू इतके उलटसुलट का आहेत?

एक म्हणतो अंगावर काटा आला, दुसरा म्हणतो नुसती बाग आहे, मग खरं कोण बोलतंय असं विचारलंय तुम्ही. काला आंब म्हणजे १७६१ च्या पानिपतच्या तिसऱ्या लढाईचं, मराठे आणि अब्दालीच्या लढाईचं स्मारक, आणि दोघंही खरं बोलतायत. त्यातला बागवाला रिव्ह्यू माझ्या साडूचा असायची दाट शक्यता आहे, कारण त्यानं माझ्या डोळ्यांदेखत गाडीत बसून दोन स्टार दिलेत आणि खाली लिहिलंय "पार्किंग चांगलं आहे".

२०१८ च्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही दोघं, मेव्हणी आणि साडू, दोन पोरं आणि सासूबाई असे शिमला करून इनोव्हानं दिल्लीला परत निघालो होतो. सकाळी सासूबाईंच्या हट्टापायी कुरुक्षेत्राला वाकडी वाट केली, ब्रह्मसरोवरावर त्यांचं हातपाय धुणं, दिवा लावणं, सगळं यथासांग झालं, त्यात दोन तास गेले. आणि साडूच्या डोक्यात शिमल्यापासून एकच विषय होता, दिल्लीच्या हायवेवरच्या मुरथलच्या ढाब्यांचा पराठा. आता त्या बाजूनं येताना पानिपत आधी लागतं आणि मुरथल नंतर, हा भूगोल काय मी नाही केलेला. ड्रायव्हरला मी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं की काला आंबला घ्यायची, साडूला मात्र सांगितलं नव्हतं. ही माझी चूक, मान्य.

दीडच्या सुमाराला पोचलो. ऊन असं की पायरीला हात लावला तर चटका. आत काय आहे ते सांगतो म्हणजे तुमचा प्रश्न तरी मिटेल: लोखंडी कुंपण, त्यात विटांचा एक खांब, त्याला लोखंडी सळई, आजूबाजूला राखलेली बाग. संपलं. ते आंब्याचं झाड आता नाही. रक्तानं आंबे काळे पडले म्हणून काला आंब, ही दंतकथा. मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ, म्हणजे भाऊसाहेब, पडले ते हेच ठिकाण असं मानतात. कॉलेजची पोरं व्हिडिओ काढत होती, एक कुटुंब झाडाखाली डबा सोडून बसलं होतं, त्यांना कशाचं काही नाही. आणि का असावं? त्यांच्या गावाजवळची बाग आहे ती.

खरं सांगू, माझं पण तोंड उतरलं. आपल्याला लहानपणापासून गडांची सवय, बुरूज पाहिजे, तोफ पाहिजे, कडा पाहिजे. रणांगणावर काय दिसणार? तव्यासारखी सपाट जमीन आणि लांबपर्यंत शेतं. तिथं एक म्हातारे बिडी ओढत बसले होते, मी खांबाभोवती दोन चकरा मारल्या तेव्हा हसून म्हणाले, "महाराष्ट्रवाले सब यही पूछते हैं, बस इतना ही है क्या." मग म्हणाले हम भी मराठे हैं जी. म्हणजे ते रोड मराठा, पानिपतानंतर मागं राहिलेल्यांचे वंशज म्हणवतात स्वतःला. सासूबाईंनी लगेच विचारलं, "मग मराठी येतं का?" नव्हतं येत.

तेवढ्यात साडू गाडीतून उतरून आला. म्हणाला, "झालं का तुझं पानिपत? पोरं भुकेली आहेत." पोरं वेफर्स खात होती. माझा तोल गेला. म्हटलं अरे इथं भाऊची अख्खी छावणी नोव्हेंबरपासून १४ जानेवारीपर्यंत अडकून पडली होती, अफगाणांचा बादशहा अब्दाली बागपतला यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर आडवा बसला, रसद तोडली, शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून तोंडाला हळद फासून बाहेर पडले लोक, आणि तुला एक तास दम निघत नाही? हे मी जरा मोठ्यानं बोललो. डबा खाणारं कुटुंब वळून बघायला लागलं. साडू म्हणाला, "ते उपाशी राहिले म्हणून मी पण राहू का?" आणि जाऊन एसीत बसला. तेव्हाच ते दोन स्टार पडले.

सासूबाई मात्र हळदीवर अडकल्या. म्हणाल्या, "हळद? आणि बायकाही होत्या ना हो बरोबर?" म्हटलं होत्या, खूप होत्या, फौजेच्या आधारानं यात्रेला म्हणून निघालेली माणसं होती हजारोंनी. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुऱ्याचा किल्ला जिंकल्यावर सगळे कुरुक्षेत्राच्या दर्शनाला निघाले होते, आणि तेवढ्यात मागं अब्दाली नदी उतरला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारख्याच की." पर्समधून प्लॅस्टिकची हळदीकुंकवाची डबी काढली, तिचं झाकण घट्ट बसलं होतं, पदरात धरून पिळून उघडलं, आणि कुंपणाच्या खालच्या दगडावर हळदीचं एक बोट ओढलं. कुंकू नाही लावलं. मी विचारलं नाही का ते. म्हातारे बिडी विझवून उभे राहिले होते.

आता तुमचा तो काटा येणारा आणि न येणारा फरक आहे तो इथं आहे. तिथं जाऊन काही कळत नाही, माहीत असेल तेवढंच दिसतं. वाचून जा. नुसतं बघायला जायचं असेल तर सरळ सांगतो, जाऊ नका, पानिपत शहरात इब्राहिम लोदीची कबर आहे, बाबराची काबुली बाग मशीद आहे, डोळ्याला दिसण्यासारखं तिथं जास्त आहे, पण ती बाबर-लोदीची लढाई १५२६ ची, आपली नाही. १४ जानेवारीला गेलात तर महाराष्ट्रातून आलेली बरीच मंडळी भेटतील, शौर्य दिवस असतो, पण थंडी आणि धुकं बेकार, आणि शांतपणे उभं राहायचं असेल तर तो दिवस टाळा. मी गेलो त्याला आता बरीच वर्षं झाली, मधल्या काळात बाग सुधारली असेल तर मला बोल लावू नका. आणि बरोबर कोण येणार हे आधी ठरवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. भुकेल्या माणसाला नेऊ नका. आधी जेवू घाला. हे मी अनुभवावरून सांगतोय, कारण आज इतकी वर्षं झाली तरी प्रत्येक लग्नात, बारशात, अगदी सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला पण हा माणूस पंगतीत सांगतो की यानं आम्हाला पानिपतला नेऊन आमचं पानिपत केलं, आणि सगळे हसतात, बायको पण हसते. सासूबाई तेवढ्या हसत नाहीत.

आणि साडू, तू हे वाचणारच, मला माहितीये. त्या दिवशी मुरथलला तू चार पराठे खाल्लेस आणि सगळं बिल मी दिलं, पुढच्या पंगतीत ते पण सांग.