हेडफोन लावून अभ्यास होतो का?

“कानात सतत काहीतरी वाजत असतं, अशानं डोक्यात काय शिरणार?” बारावी सायन्सच्या मुलीचे आई-बाबा हा प्रश्न घेऊन आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगी म्हणाली, “बाहेर टीव्ही, खाली रिक्षा स्टँड. हेडफोन काढले तर बसवतच नाही.” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं.

तिची प्लेलिस्ट पाहिली तेव्हा खरी अडचण कळली. सगळी हिंदी-मराठी गाणी, दर चार मिनिटांनी नवं, नाही आवडलं की हात फोनकडे. वाचताना आपण शब्द मनातल्या मनात उच्चारत असतो. त्याच वेळी कानावर दुसरे शब्द पडले की दोन्हींची टक्कर होते, आणि एकच ओळ तीनदा वाचावी लागते. ओळखीच्या गाण्याची नुसती बासरीवरची धूनही चालत नाही, कारण शब्द आपोआप आठवतात.

म्हणून तिला बिनशब्दांचं, अनोळखी, संथ इलेक्ट्रॉनिक संगीत सुचवलं. शोधायचे शब्द तीन: ॲम्बियंट (ठेका जवळपास नसलेलं, वातावरणासारखं पसरणारं), डाउनटेंपो (संथ ठेक्याचं), लो-फाय (साध्या ठेक्याचं, मुद्दाम थोडं खरखरीत ठेवलेलं). ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोचा १९७८चा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ हा अल्बम सुरुवातीला उत्तम. लक्ष दिलं तर ऐकावंसं वाटावं, नाही दिलं तरी चालावं, याच हेतूनं तो केलेला आहे. लो-फायचा ठेका साधारण मिनिटाला ७० ते ९० ठोक्यांचा असतो, तो गणितं सोडवताना बरा. निव्वळ ॲम्बियंट मात्र दुपारी जेवणानंतर लावू नये, पेंग येते.

निवड कशी करायची? रविवारी अर्धा तास फक्त शोधायला ठेवायचा, अभ्यासाच्या वेळी शोध बंद. अल्बम लावून वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचायचा. सूर कुठे बदलला हे वाचताना जाणवलं, तर तो अल्बम बाद. मध्येच ठेका थांबून धाडकन मोठा होणारे ट्रॅक, कुजबुजते आवाज, तीक्ष्ण झांजा हेही बाद. तीन अल्बम उरले तरी महिना निघतो. तेच ते ऐकून कंटाळा येईल अशी भीती वाटते, पण इथे सवयीचं होणंच हवं असतं.

ते डाउनलोड करून घ्यायचे, ऑटोप्ले बंद, फोन फ्लाइट मोडवर आणि हाताबाहेर. जाहिरात मध्ये आली की सगळं मुसळ केरात, कारण जाहिरात म्हणजे पुन्हा शब्दच. अल्बम संपला की दहा मिनिटं हेडफोन काढून उठायचं. रिक्षांचा आवाज दाबायला व्हॉल्यूम वाढवायचा नाही, त्यापेक्षा खिडकी लावून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेनं मुलांसाठी घातलेली मर्यादा ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. फोनच्या पूर्ण व्हॉल्यूमच्या निम्म्याच्या आत आवाज ठेवला तर बहुधा आपण त्यात राहतो.

कुठल्या विषयाला संगीत हेही ठरवलं. फिजिक्सचे न्यूमेरिकल्स, आकृत्या, वह्या पूर्ण करणं यांना चालेल. बायोलॉजीचा नवा धडा आणि पाठांतर शांततेत. त्या तासाला टीव्ही बंद ठेवायचं आई-बाबांनी कबूल केलं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडला.

परीक्षेच्या हॉलमध्ये हेडफोन नसतात. म्हणून शेवटच्या महिन्यात रोज एक सराव पेपर, पूर्ण तीन तास, कानात काहीही न घालता, असं तिच्या वेळापत्रकात लिहून दिलं.