न्यू लिहिण्याआधी थांब जरा

अरे, सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत बेस (मूळ) क्लासच्या प्रॉपर्टीला नुसता गेट (किंमत वाचणारा भाग) असेल तर चाइल्ड (त्यावरून बनवलेल्या) क्लासमध्ये ती ओव्हरराइड करताना, म्हणजे नव्याने लिहिताना, त्यात सेट (किंमत बदलणारा भाग) घुसवता येत नाही, कंपायलर एरर देणारच. मग सगळे ओव्हरराइडऐवजी न्यू हा शब्द लिहून मोकळे होतात, मीही व्हायचो. पण न्यूने जुनी प्रॉपर्टी फक्त झाकली जाते, जात नाही. समज, खाते हा बेस क्लास आणि बचतखाते हा चाइल्ड; खाते टाइपच्या व्हेरिएबलमध्ये बचतखाते ठेवलंस आणि व्याजदर मागितलास की बेसचाच 4 येतो, तू सेट केलेला 7 नाही, आणि एररही नाही! अर्धा दिवस गेलाय माझा यात. त्यापेक्षा बेसमध्ये ती गेटवाली प्रॉपर्टी व्हर्च्युअल (ओव्हरराइड करता येईल अशी) कर, चाइल्डमध्ये प्रायव्हेट फील्ड घेऊन ओव्हरराइडमधून तेच रिटर्न कर, बदलायला वेगळी मेथड दे. आणि फक्त रिटर्न टाइप चाइल्ड क्लासचा हवा असेल तर सी शार्प 9 पासून ओव्हरराइडमध्येच जमतं, तेही नुसता गेट असेल तरच.