वीज-गॅसचा करार कधी सोडावा? आणि पेन्शन का सोडलीत?

रेडिंगहून एका वाचकाचं पत्र आहे. वय ४०, पगार वर्षाला ४२,००० पौंड, घरी पत्नी आणि एक मुलगी. वीज-गॅसचा फिक्स्ड करार ३० नोव्हेंबरला संपतो. दुसऱ्या कंपनीकडे गेल्यास महिन्याला ९ पौंड वाचतील, पण आत्ता सोडलं तर विजेचे ५० आणि गॅसचे ५० असे १०० पौंड एक्झिट फी, म्हणजे करार मुदतीआधी मोडल्याचा दंड, पडेल. 'फी भरून आजच बदलू की थांबू?' असा प्रश्न आहे.

थांबा. दोन महिने आधी जाऊन १८ पौंड वाचवायचे आणि त्यासाठी १०० मोजायचे, हा हिशोब बोटांवर होतो. ऑफजेमच्या (ब्रिटनच्या वीज-गॅस नियामकाच्या) नियमाप्रमाणे करार संपण्याआधीच्या शेवटच्या ४९ दिवसांत एक्झिट फी लावता येत नाही. तुमच्या बाबतीत ती तारीख १२ ऑक्टोबर. त्या दिवसानंतर नव्या कंपनीकडे अर्ज करा. बदल साधारण पाच कामाच्या दिवसांत होतो, वर १४ दिवस विचार बदलायची मुभा असते. बदलाच्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवा. उन्हाळ्यात जास्तीचे भरलेले पैसे खात्यात जमा असतील तर ते शेवटच्या बिलात वळते होऊन परत येतात, मात्र त्यावर लक्ष ठेवायचं काम तुमचं. ३० नोव्हेंबर उलटू दिलात तर आपोआप व्हेरिएबल दरावर जाल. तिथे एक्झिट फी नसते, पण तिथला भाव दर तिमाहीला बदलतो. आणि हो, ऑफजेमची प्राइस कॅप म्हणजे बिलाची कमाल मर्यादा नव्हे. ती युनिटच्या दराला आणि स्टँडिंग चार्जला (रोजच्या ठरलेल्या आकाराला) असते. हीटर जितका चालेल तितकं बिल येणारच.

आता पत्रातल्या त्या ओळीकडे येतो जी तुम्ही जाता जाता लिहिलीत: 'परत भारतात जायचंय म्हणून कंपनीच्या पेन्शनमधून बाहेर पडलो, त्या पैशांतून भारतातल्या एंडोमेंट पॉलिसीचा (विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी) हप्ता जातो.'

अहो, हे काय केलंत? तुमच्या पगारातल्या ६,२४० पौंडांवरच्या भागावर मालक पेन्शनमध्ये किमान ३ टक्के घालतो. तुमच्या खिशातून ४ टक्के जातात, म्हणजे महिन्याला १२० पौंडांच्या आसपास. मालकाचे ९० आणि करसवलतीचे ३० धरले की तुमच्या १२० चे पहिल्याच दिवशी २४० होतात. गेली चार वर्षं मालकाचे आणि करसवलतीचे हे १२० तुम्ही दर महिन्याला नाकारताय. एकूण साधारण ५,७०० पौंड, गुंतवणुकीवरची वाढ वेगळीच. मध्यंतरी तीन वर्षांनी कंपनीने कायद्याप्रमाणे पुन्हा आत घेतलं असणार. म्हणजे तुम्ही दोनदा बाहेर पडलात!

बदल्यात मिळालं काय? पॉलिसीचा वर्षाला दीड लाख रुपये हप्ता, २० वर्षं. ३० लाख भरायचे आणि '५२ लाख मिळतील'. हा परतावा जेमतेम ५ टक्के, आणि त्यातलाही बोनस अंदाजाचा, हमीचा नाही. विमा १५ लाखांचा, म्हणजे तुमच्या हातात येणारा साडेचार महिन्यांचा पगार. तुमच्यामागे घर किती दिवस चालेल, हे पॉलिसी विकणाऱ्याने विचारलंच नसेल. '१०० टक्के करमुक्त' हेही भारतातलं. ब्रिटनचे रहिवासी असताना पैसे हाती आले तर तिकडे कर लागू शकतो.

'पेन्शनचे पैसे परदेशात अडकतील' असं तुम्हाला सांगितलं गेलं. पॉलिसी तुमच्या ५६ व्या वर्षी संपते. पेन्शन, एप्रिल २०२८ पासूनच्या नियमाने, ५७ व्या वर्षी काढता येते, तुम्ही पुण्यात असा नाहीतर रेडिंगमध्ये. एका वर्षाच्या फरकाला अडकणं म्हणायचं?

उद्याच एचआरला लेखी कळवा की पेन्शनमध्ये परत यायचंय. मालकाला नाही म्हणता येत नाही. त्याच मेलमध्ये नोकरीत असताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला किती मिळतं तेही विचारा. मग मोठ्या रकमेचा टर्म प्लॅन (बचत नसलेला, निव्वळ विमा) घ्या. तो हातात येईपर्यंत जुना हप्ता थांबवू नका.

त्यानंतर विमा कंपनीकडून पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवणं) आणि सरेंडर (पॉलिसी मोडून पैसे घेणं) यांचे आकडे लेखी मागवा. माझा कल पेड-अपकडे आहे. भरलेले सहा लाख सोडवण्यासाठी आणखी १६ हप्ते, म्हणजे २४ लाख, घालू नका. एजंट पत्नीचे मावसभाऊ आहेत म्हणता, तर हे आकडे त्यांच्याकडून नको, थेट कंपनीच्या शाखेकडून घ्या. 'अजून दोनच वर्षं भरा, मग बघू' असा फोन येईल. त्या दोन वर्षांचे तीन लाख होतात, एवढंच त्यांना सांगा.