टी.वाय.चं (गणितातलं) ॲनालिसिस सुरू करतेयस ना, मग हे वाच

कॅल्क्युलसमध्ये कितीही चांगले मार्क असोत, सुरुवातीला काहीच कळत नाहीये असं वाटेल. घाबरू नकोस. इथे नुसतं उत्तर काढून भागत नाही, ते का खरं आहे हे दाखवायचं असतं.

व्याख्या पाठ कर आणि लगेच तिचा नकारही लिही. 'हे फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस (म्हणजे सगळ्या बिंदूंना एकच डेल्टा चालेल असं सलग) नाही' हे एप्सिलॉन-डेल्टाच्या भाषेत न अडखळता लिहिता आलं, की व्याख्या हाती आली समज.

मग ० ते १ या बंद (दोन्ही टोकं धरून) अंतरालावर एक्स, एक्सचा वर्ग, एक्सचा घन अशी फंक्शन्स घेऊन आलेख हाताने काढ. प्रत्येक फंक्शन सलग (कंटिन्युअस) आहे, पण त्यांचं लिमिट १ च्या अलीकडे सगळीकडे ० आणि नेमकं १ वर १. लिमिटकडे पॉइंटवाइज (एकेका बिंदूवर वेगवेगळं) जाणं आणि युनिफॉर्म (सगळीकडे एकदमच) जाणं यांतला फरक इथे डोळ्यांना दिसतो. कोशी या गणितज्ञाने १८२१ मध्ये सलग फंक्शन्सच्या अभिसारी श्रेणीची बेरीज सलगच असते असं लिहिलं होतं. आबेल या गणितज्ञाने १८२६ मध्ये अपवाद दाखवला. तेव्हा इथे अडकलीस तर लाज कसली!

सिद्धता वाचून झाली की पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिही. लोकलच्या गर्दीत वही उघडता येत नाही, पण प्रमेयातली एखादी अट काढून बघता येते. बंद, बाउंडेड (अनंतापर्यंत न जाणाऱ्या) अंतरालावर सलग फंक्शन आपलं मॅक्सिमम गाठतं. यातलं 'बंद' काढ आणि ० ते १ या खुल्या अंतरालावर एक भागिले एक्स घेऊन बघ. मग 'बाउंडेड' काढ. ते उदाहरण तूच शोध.